हिरव्या दिव्याचे १४ सेकंद

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. घरापासून बागेपर्यंत जाऊन परत येण्यास तेवढाच वेळ लागतो, फक्त मध्ये एक मोठा रस्ता आडवा येतो. पहिल्याच सकाळी पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा लागल्याबरोबर मी तिचा हात धरून झेब्रा पट्ट्यांवर उतरले. निम्म्याहून थोडे पुढे गेलो असू, तेवढ्यात दिवा लाल झाला. थांबलेल्या गाड्यांच्या इंजिनांचा आवाज चढू लागला आणि उरलेले अंतर मी एक हात वर करून, अक्षरशः विनवण्या करत ओलांडले. पलीकडच्या पदपथावर पोचल्यावर आई धापा टाकत म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला." त्या वाक्याने मला फार अस्वस्थ केले. ती नियम पाळून, योग्य जागी, योग्य दिव्यावर निघाली होती आणि तरीही अपराधी तिलाच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन तिथे गेले. रस्त्याची रुंदी १६ मीटर आहे, त्यातली दोन्ही कडांची दोन-दोन मीटर जागा उभ्या केलेल्या गाड्यांनी व्यापलेली असते. हिरवा दिवा १४ सेकंद राहतो. हा आकडा कुठून आला असेल ते समजायला वेळ लागला नाही, कारण सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत जगभर दीर्घकाळ रूढ आहे. १६ मीटरला १.२ ने भागले की साधारण सव्वातेरा सेकंद येतात. घरच्या व्हरांड्यात मी आईचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला ०.७ मीटर भरला. म्हणजे तिला हा रस्ता ओलांडण्यासाठी २३ सेकंद हवेत आणि दिवा लाल होतो तेव्हा ती पलीकडच्या कडेपासून सहा मीटर दूर, गाड्यांच्या अगदी समोर असते. काठी घेऊन चालणारा, कडेवर मूल असलेली, सामानाच्या पिशव्या वाहणारी, पाय मुरगळलेला, अशा कोणत्याही माणसाची हीच गत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने २००९ मध्ये हा गृहीत वेग सेकंदाला सुमारे १.०७ मीटरपर्यंत खाली आणला. सुधारणा योग्य दिशेची आहे, पण आईसाठी तीही पुरत नाही.

सिग्नलची वेळ वाढवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे, आणि तो मागितलाच पाहिजे. परंतु कागदावर आकडे मांडत बसले, तेव्हा मला त्याहून अधिक टिकाऊ अशी गोष्ट दिसली. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या जागी, दोन मीटर रुंदीचे थांबण्याचे बेट केले तर प्रत्येक टप्पा जेमतेम सात-आठ मीटरांचा होतो, आणि आईच्या वेगाने तेवढे अंतर सुमारे ११ सेकंदांत संपते. त्याच १४ सेकंदांत ती सुरक्षित जागी पोचते आणि पुढच्या फेरीपर्यंत उभी राहू शकते. दुसरा मार्ग असा की झेब्रा पट्ट्यांजवळ दोन्ही बाजूंचा पदपथ दोन-दोन मीटर पुढे काढावा. तिथे नाहीतरी गाड्याच उभ्या असतात, त्यामुळे चालती मार्गिका एकही कमी होत नाही, आणि ओलांडण्याचे अंतर १६ वरून १२ मीटरवर येते. शिवाय पदपथाच्या कडेवर उभे असलेले मूल उभ्या गाडीच्या आड दडत नाही, ते चालकाला आधीच दिसते. अमेरिकेतील होबोकेन या छोट्या, दाट वस्तीच्या शहराने चौकांच्या तोंडाशी गाड्या उभ्या करण्यास जागाच ठेवायची नाही हे धोरण चिकाटीने राबवले, आणि २०१७ पासून पुढे सलग अनेक वर्षे तिथल्या रस्त्यांवर एकही जीव गेला नाही. चार खांब, थोडे काँक्रीट, कोपऱ्यावरच्या दोन गाड्यांची जागा एवढ्याच सामग्रीची ही गोष्ट आहे.

या विषयावर बोलताना लोक लगेच शिस्तीकडे वळतात. पादचारी मोबाइलमध्ये पाहत चालतात, सायकलस्वार उलट दिशेने येतात, चालक सिग्नल तोडतात, हे सगळे खरे आहे आणि मी त्यातले काहीही नाकारत नाही. परंतु माणसे चुका करणारच, हे गृहीत धरून रस्ता बांधायचा की कोणीच कधी चुकणार नाही असे मानून, हा त्याआधीचा प्रश्न आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'शून्य मृत्यू' हे धोरण स्वीकारले. अपघात होतील, पण त्यांत कोणाचा जीव जाऊ नये किंवा कोणी कायमचे जायबंदी होऊ नये, आणि त्याची जबाबदारी रस्ता वापरणाऱ्याइतकीच तो आखणाऱ्यावर आणि चालवणाऱ्या यंत्रणेवरही आहे, असा त्याचा गाभा आहे. घरातल्या विजेच्या तारांवर प्लास्टिकचे वेष्टन असते, कारण कधीतरी कोणाचा तरी हात लागेल हे आपण मान्य केलेले असते. ज्याला हात लागला त्याने बेसावध राहायला नको होते, असे म्हणून आपण उघड्या तारा सोडत नाही. रस्त्याबाबत मात्र नेमके तेच करतो.

आणि चूक जीवघेणी ठरते की नाही, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे वेग. हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. समोर काही आले हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण तेवढा एक सेकंद लागतो, आणि त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी तितकेच अंतर लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने त्याच सेकंदात गाडी सव्वाआठ मीटर जाते आणि पुढच्या पाच मीटरांत थांबते, म्हणजे एकूण सुमारे १३ मीटर. आता १४ मीटर अंतरावर चेंडूमागे धावत एक मूल रस्त्यावर आले आहे, अशी कल्पना करा. ३० च्या वेगाने आलेला चालक मुलाच्या अलीकडे थांबतो, घाबरतो, कदाचित ओरडतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. ५० च्या वेगाने आलेला, तितकाच सावध, तितकाच सज्जन चालक मुलापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा पाय ब्रेकला नुकता टेकत असतो. गाडी मुलाला पूर्ण वेगाने धडकते. दोघांच्या वेगात फरक २० चा, पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पावणेतीनपट होते. ताशी ३० किलोमीटरची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून पडणे, आणि ५० ची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. मानवी शरीर यांतली पहिली गोष्ट बहुधा सोसते. दुसरीत जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

म्हणूनच २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने एकत्र मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने हे १९९२ मध्येच जवळजवळ शहरभर करून दाखवले होते. स्पेनने मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांसाठी देशभर ही मर्यादा लागू केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसने बहुतांश रस्त्यांवर ती आणली, आणि वेल्सने २०२३ मध्ये वस्तीतील रस्त्यांसाठी ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, हीच सर्वसाधारण मर्यादा ठरवली.

पण पाटी लावली म्हणून वेग कमी होत नाही, हेही तितकेच खरे आहे. चालक पाटीपेक्षा रस्त्याचे ऐकतो. मार्गिका साडेतीन-पावणेचार मीटर रुंद, समोर नजर पोचेल तिथवर सरळ, कडेला एकही झाड नाही, आणि चौकात वळण इतके गोलाकार की ब्रेकला पाय न लावता वळता यावे, अशा रस्त्यावर ३० ची पाटी लावणे म्हणजे घसरगुंडीवर 'हळू उतरा' असे लिहिण्यासारखे आहे. तोच रस्ता तीन मीटरच्या मार्गिकांचा केला, कोपऱ्याचा गोलवा कमी करून वळण जवळजवळ काटकोनी केले आणि झेब्रा पट्टे पदपथाच्या उंचीला आणून ठेवले, तर पोलीस नसतानाही गाड्या हळू जातात. यांपैकी उंचावलेले झेब्रा पट्टे मला सर्वांत अधिक आवडतात, कारण त्यात चढ-उताराची पाळी माणसावर येत नाही, गाडीवर येते. चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस समतल जातो, गाडी मात्र हळू होऊन वर चढते आणि उतरते. जो उंचवटा एरवी नुसता गतिरोधक झाला असता, तो पादचाऱ्याची वाट होतो.

यावर नेहमीचा आक्षेप वेळेचा असतो. सगळ्यांनी ३० ने जायचे ठरवले तर कामावर पोचायचे कधी? शहरात आपला वेळ बहुतांशी चौकात थांबण्यात जातो, दोन चौकांच्या मधल्या धावेत नाही. एक किलोमीटर अंतर अखंड ५० ने कापले तर ७२ सेकंद लागतात आणि ३० ने कापले तर १२० सेकंद. हा ४८ सेकंदांचा फरकही प्रत्यक्षात मिळत नाही, कारण अखंड ५० ने एक किलोमीटर जाता येईल असा शहरी रस्ता दिवसाच्या गर्दीत सापडतच नाही. पुढच्या लाल दिव्याशी लवकर पोचून तिथे जास्त वेळ उभे राहणे, एवढेच त्या वेगाचे फळ असते.

पादचारी पुलांबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. पादचाऱ्यांसाठी काहीतरी केले हे दाखवायचे असले की सर्वांत आधी पूल सुचवला जातो. रस्त्यावरून उंच वाहने जायची म्हणून पूल साडेपाच मीटरच्या वर घ्यावा लागतो, म्हणजे वर जायला चाळीसएक पायऱ्या आणि खाली यायला तेवढ्याच. आईला तो पूल म्हणजे न ओलांडता येणारा डोंगर आहे. ज्याच्या अंगात बळ आहे तोही घाईत असला तर खालूनच पळत जातो आणि मग 'पूल असूनही लोक वापरत नाहीत' असा ठपका त्याच्यावर येतो. उद्वाहक बसवला तरी तो बंद पडतो. भुयारी मार्गांचीही तीच कथा, शिवाय संध्याकाळनंतर तिथे एकट्या बाईने उतरावे असे कोणत्या आईबापांना वाटेल? महामार्गावर, जिथे गाड्या थांबवणे शक्यच नाही, तिथे पूल समजण्यासारखा आहे. शहराच्या रस्त्यावर मात्र पूल बांधणे म्हणजे हा रस्ता गाड्यांचा आहे आणि चालणाऱ्याने वळसा घालून त्यांच्या डोक्यावरून जावे, असे ठरवून टाकणे आहे.

पदपथाविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे काय हवे ते सर्वांना ठाऊक आहे. १.८ मीटर मोकळी रुंदी असेल तर चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतात. ही रुंदी विजेचा खांब, झाडाचे आळे, पेट्या आणि पाट्या वगळून मोजायची असते, आणि बहुतेक पदपथ नेमके तिथेच नापास होतात. पदपथ दर दहा पावलांवर एखाद्या फाटकासाठी उतरत-चढत असेल, तर आईसारखी माणसे सरळ रस्त्याच्या कडेने चालू लागतात.

सायकलीचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. मी स्वतः कामाला सायकलने जाते, आणि नुसत्या रंगवलेल्या पट्ट्याने मला कधीही सुरक्षित वाटलेले नाही. पट्टा बहुधा उभ्या गाड्यांच्या लगत असतो आणि गाडीचे दार उघडले की त्यातले जवळजवळ मीटरभर अंतर एका क्षणात बंद होते. दार चुकवायला डावीकडे-उजवीकडे झालो तर मागून येणाऱ्या गाडीसमोर जातो. कडेचा दगड, झाडांचे वाफे किंवा निदान घट्ट रोवलेले खांब असा काहीतरी भौतिक अडसर असला, तरच दहा वर्षांच्या मुलाला एकटे सायकलवर सोडण्याचा धीर पालकांना होतो. स्पेनमधील सेव्हिल शहराचा अनुभव या बाबतीत मला फार बोलका वाटतो. तिथे सायकल चालवण्याची फारशी परंपरा नव्हती, उन्हाळा अतिशय कडक असतो, आणि तरीही २००६ पासून काही वर्षांतच तिथे वाहनांपासून वेगळे केलेले, एकमेकांना जोडलेले १०० किलोमीटरहून अधिक सायकल मार्ग उभे राहिले. त्यासाठीची बरीच जागा गाड्यांच्या पार्किंगमधून घेण्यात आली, आणि सायकलींची संख्या अनेक पटींनी वाढली. त्यांनी तुकडे न बांधता जाळे एकदम उभे केले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन किलोमीटर उत्तम मार्ग आणि पुढे थेट उड्डाणपुलाचे तोंड, असल्या मार्गाचा उपयोग फक्त उद्घाटनाला होतो.

सायकल मार्गाचा खरा कस चौकात लागतो, आणि नेमका तिथेच तो बहुतेकदा संपवलेला असतो. चौकात वळणारा ट्रक आणि त्याच्या शेजारून सरळ जाणारा सायकलस्वार ही जोडी विशेष घातक असते, कारण उंच केबिनमधल्या चालकाला बाजूचा आणि पुढचा बराच भाग दिसतच नाही. लंडनने २०२१ पासून जड वाहनांसाठी थेट दृष्टीचे निकष लावले आणि २०२४ मध्ये ते आणखी कडक केले, म्हणजे केबिनमधून पुरेसे दिसत नसेल तर पर्यायी सुरक्षा उपकरणे बसवल्याशिवाय त्या ट्रकला शहरात परवाना मिळत नाही. चौकाची रचनाही बदलता येते. कोपऱ्यात एक छोटे बेट ठेवून सायकल मार्ग थोडा आत घेतला, की वळणारा चालक आधी वळतो आणि मग सायकलस्वार त्याला समोर, काचेतून दिसतो, खांद्यामागच्या आरशात नाही. आणि सिग्नलवर पादचारी व सायकलस्वारांना गाड्यांच्या चार-पाच सेकंद आधी हिरवा दिवा दिला, तर वळणारी गाडी निघेपर्यंत माणसे पट्ट्यांवर थोडी पुढे, स्पष्ट दिसतील अशी पोचलेली असतात. यासाठी एक वीटही लागत नाही.

नेदरलँड्सचे नाव काढले की 'तिथली गोष्टच वेगळी' असे म्हटले जाते, म्हणून हे सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही रस्ते गाड्यांसाठी रुंद होत होते, आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले आणि आपल्या आंदोलनाला त्यांनी 'मुलांची हत्या थांबवा' असे थेट नाव दिले. त्यानंतर आलेल्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिले. ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येणार नाही, बाहेरच्या वर्तुळमार्गाने वळसा घालून यावे लागेल, अशी योजना केली. चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला मात्र सरळ वाट खुली राहिली. व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला, तरीही योजना टिकली. म्हणजे आज जे त्या देशाच्या स्वभावातच असल्यासारखे दिसते, ते भांडून मिळवलेले आहे.

ऑस्लोमध्ये २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार मेला नाही. हेलसिंकीत जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही, आणि त्या शहराच्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरतात, त्यांतले २३ टक्के पादचारी आणि ६ टक्के सायकलस्वार असतात. या शहरांचा शून्य आणि जगाचा हा आकडा शेजारी ठेवले की मृत्यू ही शहरी जीवनाची अटळ किंमत आहे, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही.

मृत्यूंच्या आकड्यांत न दिसणारे नुकसानही असते. डोनाल्ड अॅप्लयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन एकसारख्या निवासी रस्त्यांचा अभ्यास केला होता. फरक फक्त रहदारीचा होता, सर्वांत शांत रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या आणि सर्वांत गजबजलेल्यावर सुमारे १६,०००. शांत रस्त्यावरच्या रहिवाशांचे त्याच रस्त्यावरचे मित्र गजबजलेल्या रस्त्यावरच्यांपेक्षा तिप्पट होते. अॅप्लयार्ड यांचा १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने मृत्यू झाला. आई शस्त्रक्रियेआधी बागेत ज्या मैत्रिणींना रोज भेटत असे, त्यांच्याशी ती आता फोनवर बोलते. तो रस्ता ओलांडायला नको, म्हणून.

मी संबंधित कार्यालयाला अर्ज दिला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. सिग्नलची वेळ २५ सेकंद करावी, मधोमध बेट बांधावे, आणि तोवर पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत गाड्या उभ्या राहू नयेत म्हणून खांब रोवावेत. सोबत रुंदीचे माप, आईचा वेग आणि एका सकाळी तासाभरात किती माणसे दिवा लाल होताना मध्येच अडकली याची नोंद जोडली आहे. ती संख्या ३१ होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज नीट वाचला आणि एका दिवसाच्या मोजणीवर काही ठरवता येत नाही असे सांगितले. ते मला पटले. येत्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ अशी सहा दिवस मोजणी करायची आहे. आई म्हणाली, खुर्ची नेली तर वही ती धरेल.